घोंगडीवरचा हवालदार

आमच्या ईट गावच्या सिदूतात्यांना बाकी कशाचा गर्व नव्हता, पण कुत्र्याचा विषय निघाला की तासभर सुटका नाही. कुत्र्याचं नाव हवालदार. तात्या चारचौघांत सांगायचे, "आमचा हवालदार लई इमानदार. च्या बी मागत न्हाय."

खतासाठी त्यांची मेंढरं माझ्या रानात बसायची, त्यामुळे त्याचं कसब मी डोळ्यांनी पाहिलंय. तात्या घोंगडी जमिनीवर टाकून बाजाराला जायचे. ते परत येऊन घोंगडी उचलून खांद्यावर टाकेपर्यंत हवालदार तिच्यावरून हलायचा नाही. तात्यांच्या बायकोनं, नागूबाईंनी, भाकरी दाखवली तरी नाही. त्याला उठवायचा शब्दच तात्यांनी ठेवला नव्हता. "शबूद असला की चोर बी शिकतोय," म्हणायचे. मला तेव्हा हे शहाणपण फार आवडलं होतं.

दिवाळीनंतर तात्या बांधावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. धाराशिवच्या दवाखान्यात पायाला वजन लटकवून त्यांना आडवं केलं. सहा आठवडे हलायचं नाही. मेंढरांमागं हिंडणार कोण? मुलगा कुमार नोकरीवाला. त्यानं कळप सोनारीच्या गोरोबाला विकला, आणि कळपाबरोबर कुत्रंही दिलं, जशी रीत आहे. तात्या खाटेवरून म्हणाले, "माझी घोंगडी बी द्या. वासावर रमंल."

गोरोबानं भल्या मनानं ती रस्त्याकडेला, मेंढरं कोंडायच्या वाड्यापाशी अंथरली. झालं! हवालदार तिच्यावर जाऊन बसला. सकाळी मेंढरं चरायला गेली, हा जागचा हलला नाही. पुढ्यात ठेवलं तर दोन घोट पाणी प्यायचा, भाकरीला तोंड लावायचा नाही. गोरोबा घोंगडी ओढायला गेला तर दात दाखवले. कुमार रविवारी मुद्दाम गेला, तो हाताला पट्टी बांधून आला.

नवव्या दिवशी मी आणि कुमार दवाखान्यात बसलो होतो, तेव्हा गोरोबाचा व्हिडिओ कॉल आला. फोन मीच तात्यांसमोर धरला. बरगड्या मोजाव्यात असं ते कुत्रं झालं होतं.

"हवालदार!" तात्या ओरडले. "ऊठ माझ्या राजा! मोकळा हायस तू!"

हवालदार धडपडत उभा राहिला. शेपटी हलवत त्यानं गोरोबाभोवती चक्कर मारली, फोनच्या मागं हुंगलं. मग परत येऊन घोंगडीवर बसला, रस्त्याकडं तोंड करून.

तात्यांनी अंगावरची दवाखान्याची चादर ओढली आणि पडल्या पडल्या खांद्यावर टाकली. एकदा, दोनदा. "बघ की रं, उचलली म्या. बघ की!" पायाचं वजन हिंदकळलं, नर्स धावत आली. हवालदारानं फोनकडं पाहिलंसुद्धा नाही.

"तात्या, आता तर पक्का बसलाय," गोरोबा म्हणाला. "तुमी येताव असंच वाटतंय त्याला."

"मला न्या रं कुणीतरी," तात्या म्हणाले. कुमारनं मान खाली घातली. डॉक्टरांना त्यानं सकाळीच विचारलं होतं, त्यांनी साफ नाही म्हटलं होतं.

"फोन बंद करा बापू," तात्या शेवटी मला म्हणाले. "माझा आवाज ऐकू आला की त्ये अजून वाट बघतंय."

मी फोन बंद केला. चादर त्यांच्या खांद्यावर तशीच होती. ती काढायला नर्सनं हात लावला, तर तात्यांनी घट्ट धरली.

"एक शबूद," ते रडत म्हणाले, "एक शबूद शिकवला असता तर काय बिघडलं असतं माझं?"