नाव न छापणारा पेपर

आज भांड्यांचं कपाट पुसायला काढलं, तर खालच्या फळीवर आमच्या गावचं जुनं साप्ताहिक अंथरलेलं निघालं. डब्यांच्या गंजाचे गोल उमटले होते, तरी अग्रलेख वाचता येत होता: संस्कृती बुडत चालली आहे. ती दर आठवड्याला बुडायची आणि पुढच्या अंकात पुन्हा बुडायला तयार असायची.

त्या पेपरात घरंदाज बायकांची नावं छापत नसत. माझी इंदूआत्या गेली तेव्हा बाबा बातमी द्यायला गेले. अर्ध्या गावाला पाढे शिकवलेली बाई. संपादकांनी तांबड्या पेन्सिलीनं तिचं नाव खोडलं, वर नवऱ्याचं नाव लिहिलं आणि पुढे ‘यांच्या पत्नी’ जोडलं.

“अहो, चांगल्या घरातल्या बाईचं नाव असं चव्हाट्यावर आणायचं नसतं,” म्हणाले. बाबा तशीच बातमी देऊन घरी आले.

आत्याची बातमी आली त्याच अंकात, तिच्या दोन बोटं खाली, घरातून पळून गेलेल्या एका मुलीची बातमी होती. नाव, आडनाव, गल्ली, सगळं ठळक टायपात.

अब्रूचे हे राखणदार मला तेव्हापासून लांबूनही ओळखू येतात. मेलेल्या बाईचं नाव झाकायचं आणि जिवंत मुलीचं उघडं पाडायचं, एवढाच त्यांचा धर्म.

पुढे पेपर बंद पडला. जिल्ह्याच्या दैनिकात आतल्या पानावर एका ओळीची बातमी आली: गावातील एक जुने साप्ताहिक बंद.

नाव दिलं नव्हतं. म्हटलं, घरंदाज असणार.