हाताशी लावलेली पुस्तकं

काल सूनबाई कॉम्प्युटरवर माझ्यासाठी पुस्तकं लावत होती आणि मी शेजारी बसून तिची बोटं बघत होते. पुस्तकं त्यात आधीपासूनच आहेत, पण पडद्यावर नुसत्या बारीक ओळी. लेखक, प्रकाशक, तारीख, आणखी काय काय. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्या गर्दीत मला हवं ते सापडायचं नाही. दर वेळी तिला हाक मारायची लाज वाटायची, म्हणून "आज वाचायचा कंटाळा आलाय" असं खोटंच सांगायचे.

तिने ते ओळखलं असावं. म्हणाली, "आई, मीठ कुठे ठेवता?"

"हाताशी. रोज लागतं ना."

"आणि पापडखार?"

"वरच्या फळीवर. वर्षातून एकदाच तर लागतो."

"मग झालं तर!" म्हणत ती एकेक रकाना काढत गेली. उरली मोठी मुखपृष्ठं, खाली ठळक नावं, आणि माझं अर्धं राहिलेलं पुस्तक सगळ्यात वर.

शिकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. पण दुसऱ्याच्या जागी बसून बघणारी ही एकच.

आज कुणालाही न विचारता मी पुस्तक उघडलं. आठ पानं वाचली. मग स्वयंपाकघरात गेले. तिचा कॉफीचा डबा वरच्या फळीवर असतो. ठेंगणी पोर ती, रोज टाचा उंचावून काढते. इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी तो खाली, मिठाशेजारी ठेवला.