पहिला दोर आबांचा

हार्डवेअरच्या दुकानात दोन गोष्टी साचतात. गंजके खिळे आणि किस्से. खिळे निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से कुणी नेत नाही, उलट येणारा प्रत्येक जण आपला एक टाकून जातो! त्यात माझं दुकान डोंबिवली पश्चिमेला, अगदी खाडीच्या तोंडावर. बंदरावरच्या सगळ्या होडीवाल्यांनी दोर, रंग, पत्रा माझ्याकडूनच न्यायचा आणि न्यायच्या आधी बाकड्यावर अर्धा तास बसायचं. गेल्या वादळाचे किस्से तर इतके झालेत, की खरं वादळ केवढं होतं हे आता कुणालाच नक्की सांगता येत नाही.

मी सावंत. मूळ गाव देवगडकडचं. त्यामुळे मला समुद्रातलं सगळं कळतं असा बंदरावर समज आहे. अहो, मला झोपाळ्यावर बसलं तरी मळमळतं! पण विचारलं की सांगायचं, हा दुकानदाराचा धर्म. "शेठ, वादळ येणार का?" असं जो तो विचारत होता. मी निम्म्यांना "येणार" म्हणालो, निम्म्यांना "बघू या". दोर दोघांनीही नेला.

*

आधी आबा भोईरांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं.

आबांनी जन्मभर तर, म्हणजे माणसं पलीकडे पोचवणारी होडी, चालवली. डोंबिवलीचा काठ ते भिवंडीकडचा काठ. भाजीवाल्या, शाळेची पोरं, नवरदेव, बकऱ्या, सगळ्यांना त्यांच्या होडीतून पलीकडे नेलं. मग खाडीवर मोठा पूल झाला आणि तर बंद पडली. उद्घाटनाचा बँड वाजत होता तेव्हा आबा माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. म्हणाले, "जवर माझी होरी हाय, तवर त्या पुलाव पाय ठेवाचा नाय!" होडीला ते होरीच म्हणतात.

आम्हाला वाटलं, आठ दिवसांत राग जाईल. कसला जातोय! त्यांच्या सुनेचं, वंदनावहिनींचं माहेर खाडीपलीकडे. तिथे साखरपुडा होता. सगळं घर गाडीने पुलावरून गेलं, आबा एकटे वल्हवत गेले. नेमकी ओहोटी. हॉलमध्ये पोचले ते गुडघ्यापर्यंत चिखल माखून. यजमान तांब्या घेऊन धावले. आबा भर हॉलमध्ये म्हणाले, "बघा! पुलावरशी आलेल्या कुनाचं पाय धुतलं का?"

*

वादळाची बातमी आली आणि बंदरावर गोंधळ सुरू झाला. प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळं वादळ! एकाच्या फोनमधलं गुजरातकडे चाललेलं, दुसऱ्याच्या फोनमधलं थेट कल्याणला येऊन टिटवाळ्याकडे वळणार होतं. तिसऱ्याने तर ते कालच येऊन गेल्याचा व्हिडिओ दाखवला. त्यात नारळाची झाडं होती. आमच्या बंदरावर नारळाचं झाड नाही, पण तरी सगळ्यांनी एकदा मागे वळून बघितलं.

मग भोंगा घेऊन एक साहेब आले. "सर्वांनी आपापल्या बोटी सुरक्षित स्थळी हलवाव्यात!"

आबांचा मुलगा जगदीश पुढे झाला. "साहेब, सुरक्षित स्थळ म्हणजे कुठलं?"

"ते स्थानिकांनी ठरवायचं आहे."

"मग खाडीच. बापजाद्यांनी ठरवलेलं आहे ना."

साहेबांनी भोंगा खाली ठेवला. मग त्यांनी गाडीतून नारिंगी लाइफ जॅकेटं काढून वाटली आणि बजावलं, "वादळ संपल्याचा निरोप येईपर्यंत अंगावरून काढायची नाहीत!" जगदीश शब्दाचा पक्का. जॅकेट घालूनच तो मासळी बाजारात गेला, जॅकेट घालूनच जेवला. वंदनावहिनी म्हणाल्या, "घरात कोण बुडवतंय तुम्हाला?"

तो निरोप अजून आलेला नाही.

*

आमच्या बाकड्यावरचे एकमेव सुशिक्षित म्हणजे जोगळेकरकाका. निवृत्त माणूस, रोज सकाळी खाडीवर फेरी. त्यांनी ऑनलाइन मागवलेली हवेची होडी होती. पंपाने फुगवायची, दोन माणसं बसायची. वादळात ती वाचवायची म्हणून काकांनी ती फुगवलेलीच रिक्षाच्या टपावर घालून सोसायटीत नेली.

गेटवर वॉचमन. "काका, गाडी नंबर?"

"अरे, ही गाडी नाही. ही नौका आहे."

वॉचमनने वही उघडली. "पाहुण्यांची का?"

"माझी आहे!"

"मग पार्किंग कुठलं?"

काकांनी त्याला समजावलं, की हिच्यातली हवा काढली की ही पिशवीत मावते. वॉचमन म्हणाला, "मग काढूनच आणायची ना, काका!"

काका मला म्हणाले, "सावंत, मुद्दा त्याचा बरोबर होता. पण सांगण्याची पद्धत चुकली."

*

जगदीशची एक छोटी डोंगी होती, मोठ्या होडीपर्यंत जायला वापरायची. लहान होडी वाऱ्याने उडू नये म्हणून ती काठालगत पाणी भरून बुडवून ठेवतात, वादळ गेलं की उपसून काढतात. आबांनी तसं करायला सांगितलं. जगदीशने माझ्याकडून बादली नेली, डोंगी अर्धी भरली आणि तो चहाला गेला.

इकडे काका फेरीला आले. बघतात तर बिचाऱ्या जगदीशची डोंगी बुडतेय! धावत माझ्याकडे आले. "सावंत, बादली द्या, लवकर!" मी दिली. कशाला हवी, हे विचारायचं मला सुचलं नाही. आदल्या दिवसापासून लोक काय वाटेल ते मागत होते.

काकांनी पँट वर करून सगळं पाणी उपसलं आणि समाधानाने घरी गेले. जगदीश आला, तर डोंगी कोरडी! त्याने पुन्हा भरली आणि दोर घ्यायला माझ्याकडे आला. तेवढ्यात काका केळी घेऊन परतले. पुन्हा बुडतेय! पुन्हा उपसली.

जगदीश परत गेला तो मिनिटभरात माझ्याकडे आला. चेहरा पांढरा पडलेला. "शेठ, होडीत पाणी शिरताना लय बघितलंय. होडीतून पाणी बाहेर गळताना पहिल्यांदा बघतोय!"

शेवटी त्याने त्या डोंगीचा नादच सोडला आणि तीही बाकीच्या होड्यांच्या रांगेत बांधून टाकली. दोन्ही बादल्या माझ्या दुकानातल्या, हे मी त्याला नंतर सांगितलं. बरंच नंतर.

*

आता त्या रांगेचं ऐका. आमच्या बंदरावर एक जुना लोखंडी खुंटा आहे. रिवाज असा, की खुंट्याला पहिला दोर आबांचा. त्यांची होडी खुंट्याला, दुसरी त्यांच्या होडीला, तिसरी दुसरीला, अशी ओळ लागते. कुणी ठरवलेलं नाही, पण आबांच्या आधी खुंट्याला हात लावायचा नाही, हे बंदरावरच्या पोरांना बोलायला लागण्याआधी कळतं.

त्या दिवशी आबांचे गुडघे धरले होते. यायला उशीर झाला. वारा वाढत चाललेला, म्हणून बाकीच्यांनी होड्या एकमेकींना बांधून घेतल्या आणि खुंट्याकडचं टोक आबांसाठी मोकळं ठेवलं. मानाचा दोर मानाच्या माणसाने बांधायचा! मग प्रत्येक जण आपापल्या घराचे पत्रे बघायला पळाला.

आबा आले. बघतात तर ओळ लागलेली, दोर ताठ, कुणी थांबलेलंही नाही. त्यांना वाटलं, पोराने आपली वाट न बघता पहिला दोर बांधून टाकला. खुंट्यापर्यंत जाऊन बघावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. कशाला जातील? आपली जागा दुसऱ्याने घेतलेली कोण बघायला जातं? त्यांनी आपली होडी खाडीकडच्या टोकाला, सगळ्यात शेवटी बांधली आणि घरी निघाले. माझ्या दुकानावरून गेले. मी विचारलं, "आबा, झालं का बांधून?"

म्हणाले, "बांधली. आता काय, कुठं पन बांधली तरी चालतंय."

मला वाटलं, गुडघे दुखताहेत.

तर असं झालं. सगळ्या होड्या एकमेकींना एकदम घट्ट, माझ्याच दुकानातल्या उत्तम दोराने. आणि खुंट्याला कुणीच नाही! नांगर टाकलेले होते, पण खाडीच्या त्या चिखलात नांगर म्हणजे लोण्यातली सुरी.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदर रिकामं. खुंटा तेवढा उभा होता.

वादळ म्हणे लांबून गेलं, आमच्याकडे नुसता त्याचा वारा आला. त्या वाऱ्याने आख्खी रांग उचलून नेली. आम्ही काठावर उभे. कुणी म्हणे चोरी, कुणी म्हणे पार वसईला गेल्या असतील. जगदीश खुंट्याभोवती नुसता फिरत होता.

तेवढ्यात वंदनावहिनींचा फोन वाजला. पलीकडच्या काठावरून त्यांचा भाऊ. "ताई, तुझ्या सासरच्या होड्या सगळ्या आमच्या दारात आल्यात. ओळीने बसल्यात. कुणाला मागणी घालायला पाठवल्यात का?"

एकमेकींना बांधलेल्या होत्या म्हणून एकही हरवली नव्हती. समोरच्या काठाला तिवरांच्या झाडांमध्ये एक अरुंद फट आहे, तिच्यात रांगच्या रांग शिरून बसलेली. सगळ्यात बाहेर, फटीच्या तोंडाशी, आबांची होडी. बूच लावल्यासारखी! ती निघाल्याशिवाय मागची एकही निघणार नाही. आणि दुपारची भरती मोठी, तिच्यात निघाल्या तर निघाल्या. पुढे पाणी रोज कमी होत जाणार, मग पंधरा दिवस चिखलात.

जगदीश म्हणाला, "आबा, मी जाऊन काढतो तुमची."

"माझ्या होरीला हात लावाचा नाय. पयला दोर घेतलास ना? तुझी तू काढ."

जगदीशला काही कळेना. आम्हालाही कळेना. अख्ख्या बंदराच्या होड्या पलीकडे, आबांची पुढे अडकलेली, आबांशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही, आणि आबांनी जायचं कसं? अलीकडे एकही होडी उरलेली नाही. उरलाय फक्त पूल!

काकांना उपाय सुचला. घरी जाऊन ते हवेची होडी घेऊन आले, घाम गाळत फुगवली आणि आबांसमोर ठेवली. "आबा, ही घ्या. शपथही मोडणार नाही."

आबांनी तिला बोटाने दाबून बघितलं. "हिच्यात काय हाय?"

"हवा."

"वारा? तो कालच बघितला."

*

आता शेवटचं. हे मी स्वतः बघितलेलं.

दुपार व्हायला आली, पाणी चढायला लागलं. बाकीचे सगळे गेले होते, नारिंगी जॅकेटं घालून, रिक्षा करून, पुलावरून. होडीवाले रिक्षाने होड्या आणायला निघालेत हे बघून नाक्यावरच्या हवालदाराने शिट्टी तोंडात धरली ती वाजवायचीच विसरला. मागे राहिलो आम्ही तिघं. आबा खुंट्यापाशी बसलेले, समोर जगदीश, आणि रिक्षा थांबवून ठेवलेला मी.

जगदीश शेवटी रडकुंडीला आला. "आबा, मी कुठला पहिला दोर घेतला? ही बघा ना खुंट्याची कड, गंज तसाच आहे. दोर घासल्याची खूण तरी आहे का? तुम्ही येणार म्हणून आम्ही कुणीच हात नाय लावला. तुमची जागा ठेवलेली!"

आबांनी खुंट्याकडे बघितलं. हात फिरवला. बोटांना गंज लागला, तो अंगठ्याने चोळून बघितला. मला तिथे उभं राहवेना, इतकं वाईट वाटलं. आणि वाईट कुणाबद्दल वाटतंय हेही धड कळेना.

मग आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. म्हणाले, "मना जरा झोप येतेय. त्या रिक्षात पडतंव."

आणि येऊन बसले. खांद्यावरचा पंचा काढून डोक्यावरून पार छातीपर्यंत ओढला. जगदीश ड्रायव्हरशेजारी, मी आबांजवळ. निघ म्हणून मी ड्रायव्हरच्या पाठीला हळूच हात लावला.

रिक्षा पुलावर चढली. वारा दोन्ही बाजूंनी येत होता. आबा डुलत होते. मध्यावर आलो तेव्हा पंच्याच्या आतून आवाज आला.

"सावंत, पानी कसं हाय?"

मी बाहेर डोकावून खाली बघितलं. झोपाळ्यावर मळमळणारा मी, पण बघितलं. "भरतीला लागलंय, आबा."

"हं."

पलीकडे उतरलो. तिवरांपाशी सगळे जॅकेटवाले उभे होते. आबांना रिक्षातून उतरताना बघून सगळे एकदम जॅकेटांचे पट्टे आवळायला लागले. आबांनी पंचा काढला, नीट घडी करून खांद्यावर टाकला, आपल्या होडीकडे एकवार बघितलं आणि वळून रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली.

"वल्हवतंस बरा हां, पोरा!"