शिशाची चाळणी

आईच्या हाडांच्या तपासणीला मी सोबत होते. किरणोत्सारी औषधाच्या इंजेक्शननंतर किरण तिच्याच अंगातून बाहेर पडत होते. तिच्या छातीवर सरकलेल्या कॅमेऱ्याच्या शिशाच्या जाड पत्र्याला बारीक भोकं होती.

"चाळणीच समजा," तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. "सरळ येतील तेवढेच किरण पलीकडे जातात. तिरके शिशातच जिरतात. नाहीतर चित्र नुसतं धूसर."

घरी डॉक्टरांचा कॅन्सरचा संशय सोडून आम्ही आईशी सगळं बोललो होतो. वय, थंडी, कॅल्शियम.

पडद्यावर मणक्याच्या रेषेवर काळे ठिपके उमटले. आईने मान वळवली.

"एवढे तीळ कुणी सांडले गं?"

तंत्रज्ञ मुलीनं पडदा आपल्याकडे वळवला. मी उगीचच पांघरूण सारखं करू लागले.

"राहू दे," आई म्हणाली. "तुम्ही कुणी सांगितलं नाहीत, पण या चाळणीनं सांगितलं."