निझव्याच्या चाचांचं मत

मतदानाचा विषय निघाला की चाचा शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवायचे आणि म्हणायचे, "आपला खलास, ताई." मग पुन्हा पाय सुरू.

ओमानमधल्या निझव्याच्या बाजारात ते अरबांचे पायघोळ डिशडाशे शिवायचे. मूळचे रत्नागिरीकडचे. मी इथे नोकरीला नवी आले, तेव्हा उसवलेला कुर्ता दाखवत हिंदीत बोलू लागले, तर म्हणाले, "मराठीत सांगा की! कान उपाशी हायत माजे." परक्या गावात अशी हाक मिळाली की काय वाटतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तेव्हापासून ते दुकान म्हणजे माझं माहेरच.

खलास का, ते एकदा चहा पिताना कळलं. तरुणपणी मासेमारीच्या जाळ्यांवरून भांडण झालं आणि यांनी शेजारच्या वाडीतल्या एकाचं कपाळ वल्ह्याने फोडलं. त्यापायी तुरुंगात गेले. "तवाच मत गेला. सरकारला मी नायच."

"अहो चाचा, आत असेपर्यंतच मत देता येत नाही. सुटलात तेव्हाच हक्क परत मिळाला."

चाचांनी कात्री खाली ठेवली. "गेला, ता सांगनारे पुष्कळ होते. परत आला, ता कोनच नाय बोलला."

त्याच दिवशी माझ्या फोनवरून त्यांचं नाव मतदार म्हणून नोंदवायला दिलं.

ईदच्या आधी शिंप्याला कसली सुट्टी! ईद उरकली आणि मतदानासाठी चाचांनी रजा मागितली. घरात लग्न आहे का, असं अर्बाबने, म्हणजे दुकानाच्या अरब मालकाने, विचारलं. "माजाच हाय समजा," म्हणाले. रत्नागिरीला गावी जाऊन, अत्तर लावून मतदान केंद्रावर गेले, मशिदीत काढतात तशा शाळेच्या पायरीवर चपला काढल्या आणि येताना आनंदाच्या भरात दुसऱ्याच कुणाच्या घालून आले. परतल्यावर हे सगळं त्यांनी मला तीनतीनदा ऐकवलं.

गेल्या वर्षी ते कायमचे गावी गेले. दुकानात आता दुसरा शिंपी आहे. काम चांगलं करतो, पण मराठी येत नाही. चाचांची ती पहिली हाक आठवते आणि मनातल्या मनात मी त्यांचे आभार मानते.

परवा त्यांचा फोन आला. मागे मशीनची खडखड चालू होती.

"ताई, आमच्याकडे ग्रामपंचायतीचा मतदान झाला. उमेदवार माज्या दारात आलता, हात जोडून. तोच, कपालावर वण असलेला."

"अगंबाई! मग?"

"चाय पाजली. जुना कायपन काढला नाय, त्याने नाय नि मी नाय."

"आणि मत? त्यालाच दिलंत?"

मशीनचं चाक थांबलं.

"मतदान गुप्त असता, ताई."