पडद्याबाहेर गेलेली रेघ

पटले सरांपुढे कुणी ‘यंत्र बंद पडलं’ म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. “बंद म्हंजे काय? मेलं का झोपलं? काय दिसून राह्यलं ते सांग!” दिसतं ते नीट सांगेपर्यंत ते पेचकसाला हात लावू देत नसत. तुमसरच्या आमच्या तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे सर निवृत्तीला टेकले होते आणि मी पवनीहून कंत्राटावर आलेली नवी शिक्षिका. त्यांचा दरारा असा, की सुरुवातीला मी त्यांच्या वाटेलाच गेले नाही.

गेले ते अगदी गळ्याशी आल्यावर. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा, शाळेत विजेची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप एकच, तोही जुनापुराणा, आणि मी काम करत असताना त्याच्या पडद्यावरची हिरवी रेघ नाहीशी झाली. घाबरून मी उजेडाचं बटण पूर्ण पिळलं. तरी अंधारच. प्राचार्य येऊन म्हणाले, “मॅडम, परीक्षा झाली नाही तर तुमचं कंत्राट पुढे कसं वाढवायचं?” घरी वडिलांना काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं.

सर आले. कोणी केलं, हे त्यांनी विचारलंच नाही. आधी उजेड कमी केला. “दिसलं नाई का मानूस दिवा मोठा करते. रेघ एकदम परत आली तर पडदा जळन ना!” मग भरकटलेली रेघ आत ओढून दाखवणारं बटण त्यांनी मला दाबायला लावलं. “आता सांगा, काय दिसते?” पडद्याच्या वरच्या काठाला आखडून बसलेली रेघ दिसत होती. “पायलं? मेली नाई ते. बाहेर गेली. कोनं ढकललं तेवढं पायचं.”

झाकण उघडून त्यांनी मीटर लावला. रेघ वर-खाली नेणाऱ्या दोन तारांवर व्होल्टेज सारखं हवं. एकीवर ते फारच कमी होतं. तिचा माग काढता काढता एका रेझिस्टरचा सुटलेला टाका सापडला. आणि यंत्र बंद करून सर चक्क चहा प्यायला बसले! इथे माझा जीव टांगणीला. “मॅडम, बंद केला तरी याच्या पोटात करंट राह्यते. त्याले उतरू द्या. हा चाय त्याच्यासाठी आहे, आपल्यासाठी नाई.”

मीटरने खात्री करून त्यांनी सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात दिलं. “तुमीच मारा टाका. माहा हात थरथरून राह्यला.” धादांत खोटं. सकाळीच मी त्यांना केसाएवढी तार जोडताना पाहिलं होतं. मी टाका मारला, यंत्र चालू केलं आणि रेघ पडद्याच्या मधोमध आडवी पसरली.

“कोणी दुरुस्त केला?” प्राचार्यांनी विचारलं.

“मॅडमनं,” सर चष्मा पुसत म्हणाले. “मी चाय पेत होतो.”

परीक्षा झाली, कंत्राट वाढलं, पुढे मी कायमही झाले. सरांचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

मागच्या हिवाळ्यात सर गेले. मी बपेऱ्याला, त्यांच्या गावी, त्यांच्या पत्नीला भेटायला गेले. काकूंनी माझा हात धरला. “पवनीच्या मॅडम तुमीच का? हे आल्यागेल्याले सांगत, माह्यानं झालं नाई, त्या पोरीनं मशीन वाचवली म्हनून.”

म्हणजे घरच्यांनाही त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. “काकू, तसं नाही झालं,” मी म्हटलं, आणि त्यांच्याजवळ बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं.