अकरा कोरी पानं

मी सरपंच होते तेव्हा ठरावाच्या रजिस्टरातल्या अकरा कोऱ्या पानांवर सह्या करून दिल्या. अकरा! एखाद्या पानावर केली असती तर चुकून झाली म्हणता आलं असतं. आणि मी काही अंगठा लावणारी नव्हते. चांगली सातवी पास, नागरिकशास्त्रात वर्गात पहिली. ग्रामसभा म्हणजे काय, सरपंचाची कामं कोणती, सगळं तोंडपाठ होतं. तोंडापुढे मात्र कधी गेलं नव्हतं.

आणि ती माझी सही! निवडून आल्यावर आठ दिवस पोरीच्या जुन्या वहीत मी सहीच गिरवत बसले. आडनाव संपलं की खाली लांब शेपटी, शेपटीखाली दोन टिंबं. मोठ्या साहेबांची सही अशीच असते, असं माझं मत. त्या बाईला आज कुठे गाठलं तर हातातला पेन काढून घेईन आणि आधी चष्मा देईन.

ती वही मी माझ्या मैत्रिणीलाही दाखवली होती. ती खालच्या वस्तीतली, बौद्धवाड्यातली. लग्न होऊन दोघी एकाच साली या गावात आलो, एकाच शेतात कापूस वेचला. तिच्या वॉर्डातून ती मेंबर झाली होती. तिने वही लांब धरून पाहिली आणि म्हणाली, “शेपटी वाकडी आली, बाई. आजून गिरव.”

माझं सरपंचपद तिच्याच मतावर उभं होतं. सात मेंबर, तेव्हा सरपंच मेंबरच निवडायचे. तीन आमचे, तीन समोरचे, सातवं मत तिचं. समोरच्यांनी तिला काय काय कबूल केलं होतं. तिने माझ्याकडून एकच शब्द घेतला: पाण्याची नवी विहीर वस्तीजवळच्या गायरानात पडली पाहिजे. उन्हाळा लागला की तिच्या वस्तीतल्या बायकांचा निम्मा दिवस टँकरच्या वाटेकडे बघण्यात जायचा. मी शब्द दिला, तिने हात वर केला. पहिल्याच ग्रामसभेत गायरानाचा ठराव झाला, विहीर मंजूरही झाली.

तेवढ्यात लेकीचं पहिलं बाळंतपण आलं. मला महिनाभर जालन्याला जाऊन राहायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी धाकटे दीर ग्रामसेवकाला घेऊन आले. पंचायतीचा सगळा कारभार दीरच बघायचे. मी चुलीपुढे डिंकाचे लाडू वळत होते. दीर म्हणाले, वहिनी, तुम्ही नसताना कामं अडायला नको, सह्या करून ठेवा. पान कोरं कसं, असं मी विचारलं होतं बरं का, तेवढी हुशारी होती. ग्रामसेवक म्हणाला, लिहायचं काम आमचं. मला ते पटलं. हात धुतले, पदराला पुसले, आणि अकरा वेळा शेपटी ओढली.

परत आले तर दिराच्या मोसंबीच्या बागेत विहिरीचं खोदकाम चाललेलं. मी विचारलं तर दीर हसत म्हणाले, “वहिनी, गावासाठी जागा दान करून राह्यलो मी. गायरानात पाणीच न्हाई म्हणत्यात.” कोण म्हणतं, ते त्यांनी सांगितलं नाही. ग्रामसभा झाली होती म्हणे. माणसं जमली नाहीत म्हणून तहकूब केली, आणि तहकूब सभेला किती माणसं हवीत याचा नियम नाही. पाच जणांनी पारावर बसून जागा बदलली. अध्यक्षस्थानी मी. जालन्याला नातीचं अंग चोळत बसलेली मी.

दिराचं एक वेळ सोडा. घरात आले आणि ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? हे जेवत होते. भाकरी मोडली, वरणात बुडवली, मग म्हणाले, “आपल्याच घराचं भलं झालं ना?” इतक्या वर्षांत ते मला आवाज चढवून कधी बोलले नव्हते. तेव्हाही चढवला नाही. म्हणूनच ते जास्त लागलं.

मी तालुक्याला गेले. तिथले साहेब म्हणाले, ठरावाची नक्कल आणा. ग्रामसेवक म्हणाला, रजिस्टर तपासणीला गेलंय. मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, माझ्याच पंचायतीकडे. सरपंचानेच सरपंचाच्या कार्यालयाला विचारलं, सरपंचाने काय ठरवलं ते कळवावे. गावभर हसं झालं. मीही हसले, दुसरं काय करणार?

महिन्याने नक्कल आली. ‘सर्वानुमते मंजूर’, आणि खाली ती शेपटी, दोन टिंबांसकट. साहेबांनी कागद माझ्याकडे फिरवून विचारलं, बाई, सही तुमचीच ना? नाही कसं म्हणू? कोऱ्या पानावर केली म्हणून सांगितलं, तर ते म्हणाले, हे बाहेर कुठे बोलू नका, पहिल्यांदा तुम्हीच अडकाल. सरकार म्हणजे मुंबई-दिल्लीत बसलेलं काहीतरी, असं मी समजत होते. ते माझ्या चुलीपुढे येऊन माझा हात धरून गेलं होतं.

विहिरीला पाणी भरपूर लागलं. वस्तीची पाइपलाइन दुसऱ्या टप्प्यात होणार होती. तो टप्पा अजून यायचा आहे. दिराची मोसंबी मात्र दर साली टोपलीभर घरी येते. मी पाहुण्यांना रस काढून देते, स्वतः पीत नाही. नातवंडं म्हणतात, आजी नखरे करते.

तालुक्याहून परतले त्या दिवशी नक्कल घेऊन मी सरळ मैत्रिणीकडे गेले. सहीचं दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून. टँकर यायचा होता. रांगेत हंडे ठेवून बायका लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या. मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिने कागद घेतला, बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सहीवर बोट थांबलं. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. तिने कागदाची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली, आपला हंडा उचलला आणि म्हणाली,

“आता शेपटी बराबर आली तुमची, सरपंचबाई.”